भिंतीवरच्या बाया कुठल्या

परतूरमध्ये रुचिला सगळे मारवाडीण म्हणतात, आणि मारवाडात गेली की ती महाराष्ट्रवाली होते. मुलाचं जावळ काढायला सगळे कुलदेवीला, पार नागौरकडे गेले होते, तेव्हा तिथल्या बाया तिची मारवाडी बोली ऐकून तोंडाला ओढणी लावून हसल्या. त्यात माहेर टेंभुर्णीचं. तिथून पलीकडे लगेच बुलढाणा जिल्हा लागतो, म्हणून परतुरातले मराठी शेजारी तिच्या मराठीला वऱ्हाडी म्हणून चिडवतात. दुसरी एखादी असती तर हसून मोकळी झाली असती. रुचि पडली शाळेत चित्रकला शिकवणारी. कुठल्याही आकृतीची कड कुठं संपते ते पाहायची तिला खोड, आणि स्वतःची कड काही केल्या सापडत नव्हती.

अशा बाईला मारवाडी समाजाच्या नव्या भवनातली दर्शनी भिंत मिळाली. दिली ती सासऱ्यांनी. गिरधारीलालजी समाजाचे अध्यक्ष. घरात मारवाडी-मराठी मिसळून बोलतात, कापसाच्या बाजारात नुसती मराठी, आणि राग आला की हिंदी.

"आपल्या मुळाचं चित्र काढ, बेटा," ते म्हणाले. "आपल्या बायांचा घूमर नाच काढ. बघणाऱ्याला बराबर कळलं पाह्यजे, आपण कुठले."

रुचिला आनंदानं जेवण जाईना. आजवर तिचं चित्र फळ्यावर उमटायचं आणि पुढच्या तासाला पुसलं जायचं. आता चांगली दोन माणसं उंचीची भिंत, तीही कायमची. पण आपण कुठले, हे दाखवायचं काम नेमकं जिला ते माहीत नाही तिच्याकडं आलं होतं, त्याचं काय करायचं?

आधी तिनं मोबाइलवरची चित्रं पाहून किल्ला काढला, घागरे काढले, गोंडे काढले. बाया कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. तिनं सगळं खरवडून टाकलं आणि पायरीवर बसून राहिली. बसल्या बसल्या तिला नणंदेच्या, नेहलच्या लग्नातली ती दुपार आठवली.

मारवाड्यांच्या लग्नात बायांच्या नाचाला पुरुषांनी यायचं नसतं. दार लावून घेतात, आत नुसत्या बाया. त्या दुपारी सासूबाई, म्हणजे चंदनबाई, नाचायला उठल्या. घरात ज्यांचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नाही, त्या! त्यांचं माहेर भोकरदनकडचं धावडा. घूमर शिकल्या आईकडून आणि फुगडी शिकल्या शेतकऱ्यांच्या पोरींकडून, आणि अंगात दोन्ही एकदमच मुरलं. घूमरची गिरकी घेता घेता त्यांनी पदर कमरेला खोचला, रुचिचे हात तिढा घालून धरले आणि अशी फुगडी घातली की ओढणी कुठं गेली ते कळलंच नाही. तोंड उघडं, केस सुटलेले, आणि हसणं तर थांबेचना. याला घूमर म्हणायचं की फुगडी, कुणी विचारलं नाही. परतूरच्या साऱ्याच बाया असंच नाचत होत्या.

मग मात्र रुचिचा हात थांबला नाही. भिंत भरली. मध्यभागी चंदनबाई, हसणाऱ्या. आणि त्या उत्साहात एक साधी गोष्ट ती पार विसरून गेली. ही भिंत पुरुषही पाहणार होते.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी गिरधारीलालजी आले. बघत राहिले. रुचिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आता ते ओळखतील, असं तिला वाटलं.

"या कुठल्या बाया?" त्यांनी विचारलं.

रुचि हातातला ब्रश फडक्यानं पुसायला लागली.

"मधली तर खुरपायला निघाल्यासारखी दिसून राह्यली. पदर खोचलेला, तोंड उघडं. कोण हाय ही?"

आपल्या बायकोला त्यांनी ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार, अशी ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. रुचिला हसू यायला हवं होतं, आलं रडू. खरं सांगितलं तर भिंत कदाचित वाचेल, पण बंद दाराआडचं सगळं चव्हाट्यावर येईल. नाही सांगितलं तर भिंत जाईल. शिवाय ते विचारत होते ते तरी चूक होतं का? या बाया कुठल्या, हे तिलाही कुठं सांगता येत होतं?

तेवढ्यात चंदनबाईच आत आल्या. उंबऱ्यापुढं मांडणा, म्हणजे मारवाडी रांगोळी, काढायला त्या गेरू आणि खडूच्या वाट्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि एका क्षणात ओळखलं. वाट्या हातातच राहिल्या.

"तूच सांग," गिरधारीलालजी म्हणाले, "आपल्यात अशा नाचतात का बाया?"

रुचि सासूबाईंच्या तोंडाकडं पाहत राहिली. हो म्हणा, बाई. एकदा हो म्हणा.

"न्हाई," चंदनबाई म्हणाल्या. "आपल्यात न्हाई नाचत अशा."

"मंग? पांढरा मारून टाक, बेटा. दोन उंट काढ. उंटाला कुणी नावं ठेवत न्हाई." आणि ते मांडववाल्याकडं निघून गेले.

रुचिला इतका राग आला की सासूशी कसं बोलायचं त्याचंही भान सुटलं. "खोटं का बोललात? तुम्हीच तर आहात त्या!"

"हो म्हटलं असतं तर पुढच्या लग्नात दारच लागलं नसतं गं," चंदनबाई म्हणाल्या. "बसली असती सगळी मंडळी खुर्च्या टाकून, आपण कशा नाचतो ते बघायला. मंग कोण नाचलं असतं?"

"पण मी तुम्हाला काढलं ते चुकलं का?"

"मला काय म्हाईत? धावड्यात मी शेटजीची पोरगी, इथं मी धावड्याची. मी कुठली, हे मला कुणी विचारलंच न्हाई आजपर्यंत."

रुचिनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. कडेच्या बाया गेल्या, घागरे गेले, जुळलेले हात गेले. मधल्या तोंडापाशी ब्रश टेकवला आणि पुढं जाईना. ती तशीच शिडीवर उभी राहून रडायला लागली.

"उतर खाली. तुझ्यानं व्हायचं न्हाई," चंदनबाई म्हणाल्या. त्यांनी ब्रश घेतला, शिडीवर चढल्या आणि त्या तोंडासमोर बराच वेळ थांबल्या.

"खरंच मी एवढी हसते?"

"हसता, बाई."

"मला वाटलं, तू चढवून काढलं," त्या म्हणाल्या, आणि हसरं तोंड त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरं केलं.