ब्रेकवाला ओरिन टीसडेल
सस्क्वेहाना नदीवरून धुकं वर आलं की मिलर्स बेंडच्या यार्डातल्या मालगाड्या तरंगत असल्यासारख्या वाटत. ओरिन टीसडेलला अशा सकाळी फार आवडायच्या. चालत्या गाडीच्या टपांवरून जात एकेका डब्याचं ब्रेकचं चाक आवळायचं, हे त्याचं काम. खाली जमीन दिसायची नाही. आपण ढगांवरून चालतोय आणि डोंगरही सोबत निघालेत, असं त्याला वाटायचं. घरी आल्यावर तो हे बायकोला, मर्सीला, सांगायचा.

"ढगांवरून आलास ना? मग बुटांना एवढा चिखल कुठला रे?" ती म्हणायची.

टपावरून उतरल्यावर दुसरं काम असे. डबे जोडताना मधे उभं राहून येणाऱ्या डब्याची कडी हातानं खाचेत घालायची आणि वरून खीळ सोडायची. डबा माणसासाठी थांबत नसे. एका ऑक्टोबरात ओरिनला हात काढून घ्यायला उशीर झाला. आधी सगळं शांत झालं. मेपलचं एक लाल पान गिरक्या घेत सावकाश खाली आलं. मग कोणीतरी ओरडताना ऐकू आलं. तो स्वतःच ओरडत होता.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याला फाटकावर झेंडा दाखवायला बसवलं. गावात कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. ज्याची दहाही बोटं शाबूत तो नवखा, असंच यार्डात समजत.

पुढच्या वसंतात कॉर्डेलिया हॅस्केट गावात आल्या. फिलाडेल्फियाच्या या बाई आधी गिरणीतल्या मुलांसाठी भांडल्या होत्या. आता डबे आपोआप जुळतील अशी सोय सक्तीची व्हावी, म्हणून गावोगाव सभा घेत होत्या. त्या फाटकावरच्या खोपटात येऊन बसल्या.

"टीसडेल, हॅरिसबर्गला चला. तिथं राज्याच्या विधिमंडळात याचं विधेयक येतंय. आमदारांना हा हात दाखवा."

"बाई, माझा हात म्हणजे जत्रेतलं दोन डोक्यांचं वासरू आहे का?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. हात राहू दे. त्या दिवशी काय झालं, ते मला सांगाल?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ओरिन बोलत सुटला. धुकं, टप, डोंगर, ते पान...

"अहो, झेंडा! गाडी आली!" बाई किंचाळल्या.

घरी मर्सी म्हणाली, "जायचं नाही म्हणतोस आणि सारखं त्या बाईंचंच बोलतोस."

"मी ढगांचं काहीतरी बोलेन आणि ते हसतील गं."

"हसू देत. मी रोज हसते, तरी सांगतोसच ना मला?"

तो गेला. विधिमंडळाच्या उंच छताच्या दालनात त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. तो ढगांपाशी पोचला तेव्हा मागे कोणीतरी खरंच हसलं.

"मुद्द्याचं बोला," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, मुद्दा एवढाच," ओरिन म्हणाला, "की मला ते काम फार आवडायचं."

मग मात्र कोणी हसलं नाही. तरी विधेयक पडलंच. बाहेर पायऱ्यांवर बाई रडू लागल्या. ओरिननं मर्सीनं बांधून दिलेल्या पावातला अर्धा त्यांच्या हातात ठेवला. "खा बाई. पुन्हा येऊ."

ते पुन्हा गेले, नंतरही जात राहिले. अखेर कायदा झाला तो वॉशिंग्टनमध्ये. तोवर बाईंचे केस पांढरे झाले होते. आणि डबे बदलायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

मग एका सकाळी ओरिन मर्सीला घेऊन यार्डाच्या कुंपणाशी उभा राहिला. इंजिनानं एक डबा मागे ढकलला. तो दुसऱ्या डब्याला भिडला, खट्‌कन आवाज झाला आणि दोन्ही डबे एकत्र चालू लागले. मधे कोणीच नव्हतं.

"बस्स? एवढंच?" मर्सीनं विचारलं.

"एवढंच."

ती कुंपणाला टेकून बराच वेळ रुळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांब जरा. आणखी एक जोडताना बघू."