हौदातल्या शेवंडींचा चारा

आबांच्या अंगठ्याला ती लटकत होती, आणि अंगठ्यातलं रक्त तिच्या निळसर, तांबड्या कडेच्या नांगीवरून ओघळून हौदाच्या पाण्यात थेंबाथेंबानं पडत होतं... आबा ओरडले नाहीत. त्यांनी हात डोक्याच्या वर नेला आणि सिमेंटच्या कठड्यावर तिला असं आपटलं, की कवच फुटल्याच्या आवाजानं खजुरांच्या ओळीतले होले भर्रकन उडाले. धड फुटून खाली पडलं, नांगी मात्र अंगठ्यात रुतलेलीच राहिली. ती त्यांनी दातांनी उपसली, बाजूला थुंकली आणि मला म्हणाले, "बाय, दुसरा पिंजरा ओढ."

माझ्या बालपणाचा विचार केला की पहिलं हेच दिसतं. शारजातल्या धैद गावाच्या पुढे, डांबरी रस्ता संपून वाळूचा सुरू होतो तिथे आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, खजुराचं शेत होतं. आबा त्याचे ड्रायव्हर आणि राखणदार, आई त्याच्या घरची स्वयंपाकीण, आणि अरबाबनं मेहेरबानी करून व्हिसा काढून दिलेली मी. पंपाच्या डिझेलचा वास, झाडाखाली पडून आंबलेल्या खजुराचा गोड, डोक्यात जाणारा वास, दुपारी पत्र्याच्या खोलीत तापलेल्या गादीचा वास – आणि या सगळ्यांवर पसरून असलेला, कशानंही न हटणारा, कुजत्या आतड्यांचा वास.

आबा चौथीपर्यंत शिकलेले. आईला सही येत नव्हती. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि ते मी कुठेही सांगते, त्यात लाजायचं काय? आज दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. माझ्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नाही. पण ती पदवी कशाच्या जोरावर मिळाली, हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

अरबाबच्या डोक्यात कुणीतरी गोड्या पाण्यातल्या शेवंडींचं, म्हणजे लॉबस्टरचं, खूळ भरलं होतं. परदेशातून पिल्लं आली, शेताच्या सिंचनाच्या हौदात सोडली गेली, आणि आबा कोकणातले म्हणून त्यांची जबाबदारी आबांवर पडली. आबांनी त्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडच्या समुद्रातल्या शेवंडीला नांग्या नसतात, हिला दोन. "खेकड्याच्या घरात दिलेली शेवंड आहे ही," आबा म्हणाले, "माहेर विसरली, सासरचं सगळं उचललं." शेतावरचा मुकादम रहमतचाचा पेशावरकडचा. त्यानं त्या दिवसापासून आबांचं नाव 'समंदर का डॉक्टर' ठेवलं, आणि आबांना ते मनातून आवडलं. बारा वर्षं दुसऱ्याची गाडी पुसणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी जाणता म्हणत होतं...

डोंगरातल्या ओढ्यावर खेकडे धरायची आबांची जी रीत, तीच त्यांनी इथे आणली. कोंबडीची आतडी दोन दिवस उन्हात टाकायची, हिरवी पडली, अळ्या वळवळायला लागल्या, की पिंजऱ्यात बांधायची. वाहत्या पाण्यात तो वास दूरवर जातो आणि खेकडे दगडांखालून निघून येतात. पण हौदाचं पाणी वाहत नव्हतं. ते कोमट, हिरवट पाणी एका जागी उभं असायचं, आणि ती घाण पिंजऱ्याभोवतीच साकळून राहायची. शेवंडी त्या कोपऱ्याला फिरकेनाशा झाल्या. हे मला आधी कळलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी रकाने आखले होते – कुजकी आतडी, ताजी तारली मासळी, भाताचा गोळा, खजूर – आणि रोज सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधी प्रत्येक पिंजऱ्यात किती आल्या ते लिहायचे. ताज्या तारलीला आतड्यांच्या तिप्पट यायच्या. खजुराला एकही नाही.

आणखी एक गोष्ट मी लिहिली होती. एकदा एका पिंजऱ्यात नुकतंच कवच टाकलेली एक शेवंड अडकली होती, उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ. सकाळी तिचे फक्त डोळे आणि मिशा उरल्या होत्या, आणि तिला खायला आत घुसलेल्या एकोणीस जणी त्या एकाच पिंजऱ्यात कोंबून बसल्या होत्या, एकमेकींचे पाय तोडत. आबांना मी म्हटलं, "आबा, त्यांना त्यांचीच माणसं आवडतात."

आबा पिंजरा धूत होते. हात थांबवून म्हणाले, "ते करायचं नाही. आमच्या ओढ्यावर खेकड्याला खेकडा फोडून घालणाऱ्याला कोण आपल्या पंगतीत बसू देत नाय. मार खायची सवय हाय तुला, पण हे केलंस तर मी मारणार पण नाय. समजलं?"

मला समजलं नव्हतं. मारणार नाही, ही धमकी कशी असू शकते? आबांचा हात रोजचा होता. ठिबकच्या काळ्या नळीचा दीड हाताचा तुकडा दारामागे खिळ्याला टांगलेला असायचा, आणि मी उलटं बोलले, व्हॅन चुकवली, दूध उतू गेलं, की तो उतरायचा. तेच आबा कवच टाकलेल्या शेवंडी मात्र अलगद, ओंजळीत पाण्यासकट उचलून वेगळ्या टबात ठेवायचे, वर ओलं गोणपाट टाकायचे. कवच घट्ट होईपर्यंत बाकीच्यांनी त्यांना खाऊ नये म्हणून. दिवसातून चार वेळा गोणपाट उचलून बघायचे.

मग अरबाबनं शुक्रवारच्या जेवणाला पाहुणे बोलावले. थाळ्यावर भातावर मांडायला पन्नास शेवंडी हव्यात, म्हणाला. हौद उपसता येत नव्हता, खजुरांचं पाणी त्यातच होतं. जाळं टाकावं तर तळाशी त्यांना लपायला टाकलेल्या विटांत आणि पाइपांच्या तुकड्यांत अडकायचं. जे काय यायचं ते पिंजऱ्यातूनच. त्या आधीचा आठवडाभर रहमतचाचानं त्यांचं खाद्यही बंद ठेवलं, भुकेल्या झाल्या की येतील म्हणून. हौदात रोज तुटके पाय तरंगू लागले. आणि गुरुवारी दुपारी सगळे पिंजरे वर काढले, तेव्हा मिळून सात निघाल्या.

अरबाब स्वतः बघायला आला होता. पायातल्या चपलेनं रिकामा पिंजरा उलटा केला, रहमतचाचाला अरबीत काहीतरी म्हणाला आणि गाडीत बसून गेला. रहमतचाचा खाली बघत म्हणाला, "कल नहीं हुआ तो हौद खलास. बोलता है, फिर तुम लोगों का क्या काम? सबका टिकट निकालो." सबका म्हणजे माझंही. शाळाही खलास. गावी परतले असते, तर मागच्या वर्षी काकांच्या मुलीचं जे झालं तेच माझं होणार होतं – शेणगोठा, आणि मग कुणाचंतरी घर.

मी तिथेच, रहमतचाचासमोर, बोलून गेले, "आतडी कुजलीत म्हणून येत नाहीत. मी वहीत लिहून ठेवलंय. आबांना काही माहीत नाही."

पहिला तडाखा कानावर बसला, तो हाताचा. मग नळी आली. रहमतचाचा "अरे बस, बस कर, बच्ची है" म्हणत मध्ये पडला, तर त्याच्याही कोपरावर एक बसली. पाठ, मांड्या, पोटऱ्या... मी कठड्याला धरून उभी राहिले आणि रडले नाही, त्यामुळे आबांना थांबताच येईना. आई ओट्यावरून हातातल्या डावासकट धावत आली आणि दारातच थांबून म्हणाली, "मारा, पण तोंडावर नको. शाळेत जायचंय तिला."

आबा हातातली नळी टाकून गाडी घेऊन धैदच्या बाजारात गेले. चारा आणायलाच गेले होते. परत आले तेव्हा गाडीत ताजी तारली होती, हे मी नंतर पाहिलं. तोवर उशीर झाला होता.

नोकरी वाचावी, शाळा वाचावी म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खोटं नाही. पण टबावरचं गोणपाट उचललं, तेव्हा माझ्या डोक्यात शाळा नव्हती. मला फक्त बरोबर ठरायचं होतं. टबात अकरा होत्या. पारदर्शक, दुधाळ, नांग्या उचलायचंही बळ नसलेल्या. एकही मला चावली नाही... चावायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. आईच्या मसाला कुटायच्या बत्त्यानं मी एकेक चेचली. पहिलीला डोळे मिटून. चौथीपासून उघड्या डोळ्यांनी, आणि शेवटच्या तीन तर अर्धवटच चेचल्या, कारण जिवंत राहिल्या तर पाण्यात वळवळतील आणि जास्त येतील, हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरल्या, पिंजऱ्यांत बांधल्या. हाताला लागलेला तो चिकट, गोडसर वास मी साबणानं धुतला नाही. आबांनी आणलेली तारली बांधायला पिंजरे मागितले, तेव्हा मी म्हटलं, "मी सोडलेत चारा घालून." आबांनी माझ्या पोटरीवरचे वळ बघितले आणि आणखी काही विचारलं नाही.

पहाटे पहिला पिंजरा मला एकटीला उचलेना. रहमतचाचानं हात लावला, तारांतून नुसत्या नांग्याच नांग्या बाहेर आल्या होत्या, आणि आत ज्यांना जागा नव्हती त्या बाहेरून लटकल्या होत्या. "माशाल्ला, माशाल्ला," तो मोजत गेला. त्रेसष्ट भरल्या. "डॉक्टर, तेरी बेटी तो तुझसे बडी डॉक्टर निकली!"

आबा हसले नाहीत. त्यांनी एका पिंजऱ्यातली पिशवी सोडली, उजेडाकडे धरून बघितली. मग ते टबापाशी गेले. गोणपाट बाजूला केलं आणि रिकाम्या पाण्यात हात घालून, तळ चाचपत, बराच वेळ तसेच बसून राहिले, जणू एखादी कोपऱ्यात राहिली असेल. मी पाठ करून तयार उभी होते, दात आवळून. नळी कालच्या जागीच मातीत पडली होती. आबा उठले, तिच्याकडे न बघता माझ्या शेजारून गेले आणि त्रेसष्ट शेवंडी उकळत्या पाण्याच्या हंड्यात सोडायला लागले.

जेवण झालं. अरबाब खूश झाला. हौद आणखी सहा वर्षं चालला, तोवर माझी बारावी झाली, आणि आबांच्याच पगारावर मी रत्नागिरीच्या कॉलेजातून पदवी घेतली. त्या सकाळनंतर आबांनी माझ्यावर कधीही हात उचलला नाही. पिंजरे धुताना मला शेजारी बसवलं नाही, आणि 'बाय' म्हणूनही हाक मारली नाही. माझं शाळेतलं पूर्ण नाव घ्यायचे, परक्याचं घ्यावं तसं, आदरानं. पदवीदानाला आले, नवा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. तिथेही मी पाया पडायला वाकले, तेव्हा डोक्याच्या वर हवेतच थांबलेला त्यांचा हात मला अजून आठवतो.

गेल्या वर्षी आबा गेले. परवा आई माझ्याकडे राहायला आली, आणि जेवताना माझ्या मुलाला, तो ऐकत नाही म्हणून, सांगत बसली की तुझ्या आईला आजोबा किती मारायचे. त्यानं ताटातून मान वर केली.

"देन व्हाय डिड ही स्टॉप?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळं माहीत आहे. बत्ता तिनंच धुतला होता.

"मी मोठी झाले ना, म्हणून," मी म्हटलं.

"ओके," म्हणून तो परत जेवू लागला. तो आत्ता दहा वर्षांचा आहे. त्या सकाळी मी अकराची होते.