रायफलच्या नळीचा वास

दिवाळीत जुईनगरच्या आमच्या सोसायटीत फटाक्यांचा वास भरला की मला करावे गावातली ती मोठ्या बोअरची, शिकारीची रायफल आठवते. माझं लायसन्स नुकतंच झालं होतं आणि ती मी विकत घेणार होतो. मालक म्हणाला, "इलेक्शनपायी पोलीस ठान्यात जमा होती, कालच सोडवून आनली. एकेक गोली हजाराच्या घरात, उडवील कोन? बाप गेल्यापासून एकबी नाय फोडली." मी बोल्ट काढून नळी नाकाशी नेली, तर जळक्या बारुदाचा ताजा वास! "काडतुसं मोजून लायसन्सवरच्या नोंदीशी ताडू या का?" मी विचारलं. त्याने डबा हळूच मांडीखाली सरकवला. "चाय तर घ्या, शेठ." चहा घेतला, रायफल नाही घेतली. घरी आणल्यावर त्या एका दिवसात त्याने ती कशावर झाडली, हे मला अजून कळलेलं नाही. कशावर, की कुणावर.