बावीस लेझीमवाल्या

लातूरला कोर्टाजवळ आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. आमचं म्हणजे सासऱ्यांचं. त्यात दोन टेबलं, रस्त्याकडचं त्यांचं आणि आतलं माझं. हल्ली शिक्क्यांचं काम कमी झालंय, म्हणून आतलं टेबल हलवून ती जागा झेरॉक्सवाल्याला द्यायचं त्यांच्या मनात होतं. टेबल गेलं की मी घरी. बारा वर्षं शिक्के केल्यावर नुसत्या भाकरी थापत बसायला माझी मुळीच तयारी नव्हती.

तेवढ्यात कंधारकडच्या शाळेतल्या एक बाई शिक्का न्यायला आल्या. त्यांच्या लेझीम पथकातल्या बावीस मुली स्पर्धेसाठी नांदेडला जाणार होत्या. मुलींच्या दप्तराला लटकवायला काहीतरी छान हवं, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. मी लगेच मोबाईलवरचा एक व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. एक प्लास्टिक मिळतं. त्यावर चित्र उमटवून, कापून ओव्हनमध्ये तापवलं की ते आखडतं, निम्म्याहून लहान आणि जाड होतं. "लेझीम खेळणारी मुलगी करून देते," मी म्हटलं, "हात हलणारी." बाई खूश झाल्या. शनिवारी न्यायचं ठरलं.

त्या गेल्यावर सासरे म्हणाले, "जमलं तर टेबल ऱ्हाऊ दे. न्हाई जमलं तर झेरॉक्स."

मी दोन शिक्के केले, एक धडाचा, एक हाताचा. प्लास्टिक आरपार दिसणारं, त्यामुळे उजवा हात उलटा केला की डावा तयार. खांद्यात कडी घालायची आणि दोन मुठींमध्ये बारीक साखळी अडकवायची. ती साखळी म्हणजे लेझीम.

पहिल्या खेपेला सगळंच बिघडलं. रोजच्या पॅडची जांभळी शाई कागदात मुरते, प्लास्टिकवर ती वाळेचना. तरी मी हट्टानं तुकडे भाजले. पोरींची तोंडं अंगठा उठवल्यासारखी पसरली. सुईनं पाडलेली भोकं आखडून बुजली, कडी आत जाईना. सासऱ्यांनी एक तुकडा उचलून पाहिला.

"शिक्का कागदासाठी असतो, माय," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. मला रडू आलं ते रागानं.

दुसऱ्या दिवशी एका डाळमिलचे कारकून शाई न्यायला आले. डाळीच्या प्लास्टिक पाकिटावर तारीख मारायची, लगेच वाळणारी शाई. ती मी कितीतरी वर्षं विकतेय. बाटली त्यांच्या हातात देता देता मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या डोक्यात शिक्का म्हटलं की जांभळं पॅड. हातातली बाटली दिसली नाही, याची आजही लाज वाटते.

मग मी मागे हटले नाही. डाळीची शाई, भोकांना कागद पंच करायचं मशीन. ओव्हनमध्ये तुकडे आधी गुंडाळतात, वळवळतात. घाबरून बाहेर काढले की तसेच वाकडे राहतात. दम धरून वाट बघितली की आपोआप सपाट होतात. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळेला बाविसाव्या पोरीच्या खांद्यात मी कडी घातली.

शनिवारी बाईंनी एकीची साखळी वर ओढली, तिचे दोन्ही हात वर गेले. बाई हसल्या आणि सगळ्या बावीस रुमालात बांधून घेऊन गेल्या. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते पेपरातच होते.

थोड्या वेळानं झेरॉक्सवाला टेप घेऊन आला आणि माझ्या टेबलाचं माप घ्यायला लागला.

"मामा, हे काय?"

"मी गुरुवारीच हाव म्हणून बसलो त्याला," सासरे म्हणाले. "आता शब्द फिरवता येत न्हाई."

"म्हणजे मला जमेल असं तुम्हाला वाटलंच नव्हतं."

ते खोटं बोलले नाहीत. "न्हाई वाटलं."

अंगाचा तिळपापड झाला. तरी आवाज चढवला नाही. माझे शिक्के, पंच, डाळीची शाई, सगळं उचललं आणि त्यांच्या टेबलाशी आणलं. एका हातानं माझी खुर्ची ओढली आणि त्यांच्या खुर्चीला लावली.

"शब्द तुमचा, तुम्ही पाळा," मी म्हटलं. "मी इथं बसते."

सासऱ्यांनी पेपराची घडी घातली आणि आपली पॅडं एकेक करून टेबलाच्या अर्ध्या भागात सरकवली.