एसीला शिवलेला अंगरखा

कोंडीराम भाडळ्यांना उघडी वस्तू बघवत नसे. घरातला मिक्सर झाकलेला, पाण्याचा फिल्टर झाकलेला, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी फाटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक पिशवी. स्कूटरला कव्हर होतं, हेल्मेटलाही होतं. ही सगळी वस्त्रं उतरवून, घड्या घालून, डिकीत ठेवून भाडळे अण्णा वाघोलीच्या बाजारात पोचेपर्यंत मेथीच्या जुड्या संपलेल्या असत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी खडकवासल्याला धरणाची पाणीपातळी वहीत लिहिली. सरकारी वही उन्हाने पिवळी पडते आणि पावसाने फुगते, हे एवढी वर्षं बघितल्यावर जगात जे काही बिघडतं ते झाकलं नाही म्हणूनच बिघडतं, असं त्यांचं ठाम मत झालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनं शिलाई मशीन आणलं आणि कॉटच्या पायांपासून सुरुवात केली.

"मला तेवढं शिवू नका म्हंजे झालं," तुळजाबाई म्हणाल्या.

भाडळ्यांची जमीन बिल्डरकडे गेली आणि तिच्यावर बत्तीस घरांची सोसायटी उभी राहिली. अण्णांना त्यात दोन फ्लॅट मिळाले. खालच्यात ते आणि तुळजाबाई, वरच्यात मुलगा रविराज आणि सून शेफाली. जमीन मूळची अण्णांची असल्यामुळे सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. दूधवाला कोणता ठेवायचा, टँकर कुणाकडून मागवायचा, हे अण्णांना विचारून ठरे. तुळजाबाईंना उन्हाळ्यात चक्कर यायला लागली म्हणून आठ वर्षांपूर्वी अण्णांनी एसी घेतला, तेव्हा तो बसवायला कसबा पेठेतला इम्तियाज अत्तार आला. त्याने भिंतीला भोक पाडलं आणि जाताना फरशी पुसून दिली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सोसायटीत जाहीर केलं की मेकॅनिक असावा तर असा. तेव्हापासून अण्णांचं सोडून बत्तिसातली अकरा घरं इम्तियाजकडे होती. उन्हाळा लागला की तो कसब्यातून स्कूटरवर एवढ्या लांब यायचा आणि दोन-दोन दिवस या एका इमारतीत काम करायचा.

मध्ये एका पावसाळ्यात अण्णांनी एसीच्या बाल्कनीतल्या डब्याला कव्हर घातलं. ते बघून इम्तियाज म्हणाला होता, "अण्णा, बंद असताना झाका. चालू करताना मात्र काढायचं हं." अण्णांनी मान डोलावली होती. ही मान डोलावल्याची गोष्ट पुढे त्यांना फार छळणार होती.

कारण यंदा मार्चमध्ये कबुतरांनी त्या डब्यावर संसार मांडला. अण्णांनी नवं कव्हर शिवलं. जाड ताडपत्री, कडेला दुहेरी शिवण, स्टँडला बांधायला चार नाड्या. आणि या वेळी त्यांनी विचारही केला होता. पुढे जिथे पंखा फिरतो तिथे त्यांनी गोल खिडकी कापली आणि तिला जाळी लावली. पंखा म्हणजे यंत्राचं नाक, नाक मोकळं ठेवलं की बाकी अंग झाकायला हरकत नाही, असं ते शास्त्र होतं. असा अंगरखा घालून एसी दिमाखात चालू लागला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो चाळीस मिनिटं गार वारा देऊन नुसता वारा देऊ लागला. तासाभराने परत गार. परत चाळीस मिनिटं. अण्णांनी इम्तियाजला बोलावलं.

आता मेकॅनिक घरी येणार म्हटल्यावर अण्णांनी अंगरखा काढून, घडी करून पलंगाखाली ठेवला. डॉक्टर तपासायला येणार म्हणून पेशंटचा स्वेटर काढतात, तसं समजा. इम्तियाजने तासभर एसी चालवून बघितला. एसी गुणी पोरासारखा चालला. इम्तियाजने कपॅसिटर नावाचा छोटा भाग तपासला, थोडा कमजोर वाटला, बदलला आणि चहा घेऊन गेला. अण्णांनी अंगरखा चढवला. चाळीस मिनिटांत एसी बसला.

दुसऱ्या वेळी इम्तियाज आला तो शनिवारी. रविराज आणि शेफालीही खाली येऊन बसले होते, कारण नवा एसी घ्यायचा की नाही यावर घरात बैठक चालू होती.

"पप्पा, सिंपल आहे," रविराज म्हणाला. "आठ वर्षं झाली. रिपेअर करत बसण्यात पॉइंट नाही. फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घेऊ, बिल पण कमी येईल."

"आठ वर्षांत यंत्र म्हातारं होतं?" अण्णा म्हणाले. "आमच्या धरणावरचा पंप माझ्या आधी लागला होता आणि माझ्या नंतरही चालू हाय. यंत्र कसं ठेवतो त्यावर असतं. मला विचार."

शेफालीने नवऱ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. हसू दाबायची तिची ती पद्धत होती. तेवढ्यात इम्तियाज बाल्कनीतून आत आला. एसी आजही बिनतक्रार चालला होता.

"अण्णा, मशीन चांगलं आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, हात पुसत, "फक्त त्याला मोकळी हवा लागते. तेवढं बघा."

अण्णांना कुठेतरी बारीकसं टोचलं. पलंगाखालची घडी त्यांना आठवली. या क्षणी ते म्हणू शकत होते, अरे, एक गोष्ट राहिली सांगायची. पण समोर सून बसली होती आणि आत्ताच यंत्र कसं ठेवावं यावर त्यांचं प्रवचन झालं होतं.

"चौतीस वर्षं धरणावर काढली मी," ते म्हणाले. "हवापाणी तू मला शिकवू नकोस. तुला सापडत नसेल तर तसं सांग."

इम्तियाजने अवजारांची पिशवी उचलली, तुळजाबाईंना "येतो, काकी" म्हटलं आणि गेला.

ते टोचणं बुजवायला म्हणून असेल, संध्याकाळी अण्णांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश टाकला. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतीत येणाऱ्या एसी मेकॅनिकने चांगला भाग काढून नेऊन जुना भाग बसविल्याचा दाट संशय आहे. सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा." जुना भाग हे कुठून आलं, ते अण्णांनाही सांगता आलं नसतं. लिहिता लिहिता सुचलं आणि वाक्याला शोभलं, म्हणून राहिलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. भाडळे अण्णा उगाच बोलणार नाहीत, असं कुणीतरी लिहिलं. आठ दिवसांत अकराच्या अकरा घरांनी इम्तियाजला येऊ नको म्हणून कळवलं.

मग नवा एसी घ्यायचं ठरलं. जुना देऊन नवा घ्यायची योजना एका दुकानात होती. जुना एसी बघायला त्यांचा माणूस सकाळी अकराला येणार होता. तो आला दहाला. तेजस नावाचा पंचविशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, कानात गाण्याची बोंडं. अण्णा बाहेर दाढी करायला गेले होते. शेफालीने त्याला थेट बाल्कनीत नेलं. अण्णा परत आले तेव्हा एसी चालू होता, अंगरखा अंगावर होता आणि तेजस कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता.

"काका, याला सर्दी झालीय का?"

"कबुतरांसाठी आहे ते," अण्णा म्हणाले. "पुढून मोकळं ठेवलंय. बघा, खिडकी आहे."

"अहो, पुढून तो हवा सोडतो. घेतो मागून आणि बाजूने. तुम्ही नाक शिवून टाकलंय आणि तोंड उघडं ठेवलंय." त्याने नाड्या सोडल्या. पत्र्याला हात लावून झटकन मागे घेतला. "तापून बंद पडतो, थंड झाला की परत सुरू होतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालत असेल ना?"

अण्णा सुटलेल्या नाड्या गोळा करू लागले.

"नवीन घेऊ नका, काका. घेतलात तर त्यालाही हे घालाल आणि मग मला फोन कराल. हा एसी मस्त आहे. कपॅसिटर पण नवाकोरा दिसतोय, कुणीतरी चांगला टाकलाय."

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला आणि निघून गेला. शेफाली स्वयंपाकघरात गेली. ती हसली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं. ती हसली नाही. तिने शांतपणे गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि सासऱ्याची नजर चुकवत कपात साखर घातली.

एसी त्या दिवशी सलग पाच तास चालला. खोली बर्फासारखी झाली आणि अण्णा तिच्यात घाम पुसत बसले. दुपारी त्यांनी फोन काढला आणि बराच वेळ खर्ची घालून मजकूर तयार केला. तुळजाबाईंना वाचून दाखवला. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सदर वातानुकूलन यंत्रावर आच्छादन घातले गेल्याचे निदर्शनास आले असून, त्यामुळे यापूर्वीचा संदेश रद्द समजण्यात यावा."

तुळजाबाई शेंगा सोलत होत्या. "घातलं कुनी?" त्यांनी विचारलं. "कबुतरांनी?"

अण्णा मजकूर पुन्हा वाचू लागले.

"त्या पोराचं नाव कुठं हाय यात? आन तुमचं?"

अण्णांनी मजकूर पुसला, पायात चप्पल घातली आणि बस पकडून कसब्यात गेले.

इम्तियाजचं दुकान एका तांबटाच्या दुकानाला लागून होतं. आतल्यापेक्षा बाहेरच जास्त सामान, एक दार नसलेला फ्रिज आणि त्यात स्क्रू ठेवलेले डबे. भर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता इम्तियाज दुकानात बसलेला होता. हंगामाच्या दिवसांत एसीचा मेकॅनिक दुकानात सापडणं म्हणजे काय, हे कळण्याइतकं अण्णांना नक्कीच कळत होतं.

"अण्णा, तुम्ही? फोन करायचा ना." त्याने स्टूल पुसून पुढे केलं, चहा सांगितला. ग्रुपवरचं तो काही बोलला नाही. काकींची चक्कर कशी आहे, ते विचारलं.

अण्णांनी येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी बसमध्येच राहिली. "ते कव्हर," ते म्हणाले. "बाहेरच्या डब्याला. मी घालत होतो. तू यायचा दिवस असला की काढून ठेवायचो."

"माहीत आहे," इम्तियाज म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? सगळी बाल्कनी कबुतरांनी रंगवलेली आणि मशीन तेवढं चकचकीत. स्टँडला नाड्यांचे वळ होते. दुसऱ्या वेळी आलो तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

इम्तियाजने चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. "सूनबाई बसल्या होत्या. मुलगा होता. त्यांच्यासमोर तुम्हाला काय बोलायचं, अण्णा. म्हटलं हवेचं सांगून ठेवू, तुमचं तुम्ही समजून घ्याल."

अण्णांनी ग्लास तसाच खाली ठेवला. ज्या माणसाची अब्रू त्यांनी बत्तीस घरांत घालवली, तो त्यांची अब्रू दोन माणसांसमोर झाकत होता. उभ्या आयुष्यात एवढ्या वस्तू झाकल्या, पण असं झाकणं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांना आपण फार लहान झाल्यासारखं वाटलं, त्या स्टुलावरून पाय जमिनीला टेकत नसावेत इतके लहान.

त्यांनी तिथेच फोन काढला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं. "मी कोंडीराम भाडळे. एसी माझ्यामुळे बंद पडत होता. मी त्याला ताडपत्री शिवून घातली होती. इम्तियाज अत्तार आला की मी ती लपवायचो. त्याने घातलेला भाग नवा आणि चांगला आहे. मी त्याच्याबद्दल खोटं लिहिलं." आणि इम्तियाजपुढे धरलं.

इम्तियाजने वाचलं आणि मान हलवली. "एवढं नका लिहू. गैरसमज झाला म्हणून टाका. तेवढं बास होतं."

"गैरसमज झाला नव्हता," अण्णा म्हणाले. "मला ठाऊक होतं. तू हवेचं बोललास तेव्हाच कळलं होतं मला."

इम्तियाजने फोन परत दिला आणि शेजारच्या दुकानातली ठोकाठोक ऐकत राहिला. अण्णांनी संदेश पाठवला.

या वेळी अंगठे आले नाहीत. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग हसून लोळणारे पिवळे चेहरे आले. एकाने विचारलं, ताडपत्री कोणत्या मापाची, आमच्या सासूबाईंना हवी आहे. एकाने लिहिलं, जमीनमालकांच्या शब्दाला आता किती भाव धरायचा ते पुढच्या सभेत ठरवू. अण्णांनी सगळं वाचलं, काहीही पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अकराही घरांची बेल वाजवत फिरले. ग्रुपवर वाचलं ना, असं विचारायचं, वाचलं असलं तरी पुन्हा तोंडाने सांगायचं आणि इम्तियाजला परत बोलवा म्हणायचं. काहींनी लगेच हो म्हटलं. काहींनी आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग हो म्हटलं. चौथ्या मजल्यावरच्या उत्कर्षा मात्र दारातच अवघडून उभ्या राहिल्या. "काका, आम्ही दुसऱ्याला वर्षाचं काम देऊन बसलो. तुम्हीच लिहिलं होतं ना, म्हणून." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तशीच आणखी चार घरं निघाली.

घरी येऊन अण्णांनी इम्तियाजला फोन लावला. "सहा," ते म्हणाले. "सहा घरं हो म्हणाली."

"पुष्कळ झाली, अण्णा," इम्तियाज म्हणाला.

पुष्कळ झाली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. खिडकीखाली दुसऱ्या कुठल्या तरी मेकॅनिकची स्कूटर लागली होती, आणि अण्णा फोन कानाला तसाच धरून तिच्याकडे बघत उभे राहिले.