रंगीत दारांची राख

आमच्या मालकांचं नाव श्रीपती. तिकोणा पेठंत पेरणीआधी वाफ्याचा राब भाजावा तर त्येंनीच. खाली शेणाचा थर, वर पाला, त्यावर गवत, मग मातीचा हलका हात, आन् वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावायची. आग सावकाश खाली उतरती, तण मरतं, जमीन मऊ हुती. सगळं गाव त्येंचं ऐकतं, म्हणून माणसाला गर्व. मी बोलले की ‘तुला काय कळतंय’ ठरलेलं.

औंदा उन्हाळ्यात लोणावळ्यातल्या एका सोसायटीनं त्येंना बोलावलं. मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून भाजी लावायची, ह्येंनी रविवारी जाऊन शिकवायचं. बायका ‘आबा, आबा’ करत मागं फिरायच्या. मालक लय खूश. घरी येऊन मलाच माती शिकवायचे. जल्मभर मी काय कापूस पिंजत व्हते?

पण तितं राबाला पाला कुठला? फांदी तोडली तर सोसायटीवाले भांडणार. शेजारी जुना बंगला पाडत व्हते. त्येची दारं-खिडक्या ढिगानं पडलेल्या, हिरव्या-पिवळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेल्या. मालक म्हणाले, ‘लाकूड ते लाकूड.’ सगळं फोडून वाफ्यांवर रचलं आन् भाजलं. धुराचा वास लोकांच्या घशात बसला, तेबी मालक घरी हसत सांगत व्हते. वर उरलेली राख पोत्यात भरून घरी आणली आन् आमच्या परसात पसरली.

पालक आसा आला, पान तळहाताएवढं. आमची सून राजेश्वरी पोटुशी, सातवा लागलेला. डॉक्टरनी रक्त कमी हाय म्हणून सांगितलेलं. मालक सोताच्या हातानं जुडी खुडून आणायचे, ‘खा पोरी, घरचं हाय.’ ती बिचारी रोज खायची.

मग परसातल्या कोंबड्या माना टाकाय लागल्या. राखंत लोळायच्या आन् पाय वाकडे करून पडायच्या. मालक म्हणाले, ‘मानमोडीची साथ आसंल.’ शेजारच्या सरूबाईची एकबी कोंबडी मेली न्हाई, मग साथ आमच्याच दारात कशी? मला भ्या वाटाय लागलं.

एका रविवारी मीबी त्येंच्यासंगं लोणावळ्याला गेलते. सोसायटीतली ऋचा कॉलेजात शिकवती, तिनं माती तपासून आणलेली. ती हळूच म्हणाली, ‘आबा, जुन्या रंगात शिसं असतं. ते राखेतून मातीत उतरलंय. सगळी भाजी उपटायला लागेल. लहान मुलांना, गरोदर बायकांना ते फार वाईट. ही राख आणखी कुठे गेली का?’

मालक जमिनीकडं बघत म्हणाले, ‘न्हाई. कुटंच न्हाई.’

यष्टीत मी इचारलं, खोटं का बोललात, तर म्हणाले, ‘गप बस. गावात अब्रू ऱ्हाईल का माझी?’ घरी आले ते सरळ परसात गेले आन् पालक उपटाय लागले. राजेश्वरी दारात आली.

‘मामंजी, चांगली भाजी का काढताय?’

‘कीड पडलीया.’

आग लागो त्या अब्रूला. नातवंडापरीस मोठी हाय का ती? मी त्येंच्या देखत पोरीला सगळं सांगितलं. दारं, राख, शिसं, मेलेल्या कोंबड्या. म्हणलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. मालक तसेच उकिडवे बसून पालक उपटत ऱ्हायले.

तिनं पोटावर हात ठेवला.

‘आत्या, सकाळपासनं हाललं न्हाई त्ये. मला वाटलं, निजलं आसंल.’