घरातील सर्व

आष्ट्याजवळ आमचं गाव. घराला गजांचं फाटक आहे आणि त्याच्या मधल्या गजांवर खळीचे पांढरट डाग आहेत. आजीनं दोनदा ओल्या फडक्यानं घासले, एक पावसाळा त्यांच्यावरून गेला, तरी ते निघाले नाहीत. फाटक लोटताना माझा हात त्यांच्यावर पडतो. दर वेळी वाटतं, कागद अजून तिथंच आहे आणि त्याच्यापलीकडं रस्त्यावर कुणीतरी थांबलंय.

तो कागद मी चिकटवला होता.

मी साताऱ्यात वाढले, पत्रकांमध्ये. आई-वडील दोघंही चळवळीतले. पाण्याची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, सगळ्यांचे गठ्ठे कॉटखाली असायचे. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. वडील सांगायचे, पत्रकात तीन गोष्टी लागतात: काय चाललंय, काय व्हायला पाहिजे, आणि खाली, हे कोण म्हणतंय. आठवीत मी शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल पत्रक लिहिलं, खाली ‘सर्व विद्यार्थिनी’ असं घातलं. टाकी धुतली गेली. विद्यार्थिनींना मी विचारलं नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले, त्याला जमाना झाला. गावातल्या माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज, विधवांची पत्रं, कुणाच्या पोराच्या भरतीचे कागद, सगळं त्यांच्या पुढ्यात यायचं. त्यामुळं त्या फाटकाची कडी दिवसा कधी लागायची नाही.

मग त्यांना धाप लागायला लागली. अंगावर निळे डाग उमटायला लागले. सांगलीच्या दवाखान्यात कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी झाली. डॉक्टरांनी आजीला समोर बसवून समजावलं: रक्त हाडांच्या आत तयार होतं, यांच्या हाडांत ते तयार व्हायला सुरुवात होते, पण नीट पिकत नाही. वय बघता मुळापासून बरं करणं जमणार नाही. रक्त भरत राहायचं, जंतूंपासून जपायचं. परतीच्या एसटीत आजी बाहेरच्या शेतांकडं बघत होती. मग म्हणाली, “म्हंजे कणीस येतंय, पण दाणा भरत न्हाई. पोचा.”

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी सांगली. आजी चौथी शिकलेली, पण थर्मामीटरचा आकडा तिला माझ्याआधी वाचता यायचा. ताप शंभराच्या वर गेला की वाट बघायची नाही, गाडी सांगायची. पाणी उकळून, चमचे उकळून, कच्चं काही नाही. वस्तरा बंद. दात घासायला लहान मुलाचा मऊ ब्रश. सुरुवातीला ती त्यांना दंडाला धरून उठवायची, तर दुसऱ्या दिवशी दंडावर तिची पाचही बोटं उमटलेली असायची, जांभळी. ते बघून तिनं त्यांना धरणं सोडलं. ती समोर खाली वाकून उभी राहायची आणि ते तिच्या खांद्यावर हात ठेवून उठायचे. दोघांच्या साठ वर्षांच्या संसारात मी त्यांना एकमेकांना हात लावताना तोवर पाहिलं ते तेवढंच.

आजाऱ्याला भेटायला जायचं, ही आमच्याकडची रीत. न गेलं तर वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. बिस्किटाचा पुडा, दोन मोसंबी, आणि कॉटच्या कडेला बसून हात हातात घेऊन “काय न्हाई व्हत” म्हणायचं. ते बघून माझ्या अंगाची आग व्हायची. माणसं खोकत यायची, नाक पुसलेल्या हातानं पायाला हात लावायची.

आणि चार वाजता टेलरमास्तर. आबांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. मी त्यांना चाचा म्हणायची. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेआधी ते यायचे. काजं करताना सुई टोचू नये म्हणून घालायचं धातूचं अंगुस्तान बोटात तसंच असायचं, ते खिडकीच्या गजावर टकटक वाजायचं.

“हवालदार, हाईसा का गेलासा?”

“तू शिवलेला शर्ट फाटल्याबिगर कसा जातूय?”

“मग लवकर न्हाई जात. टीप माझी हाय.”

आबांसाठी त्यांनी वेगळेच शर्ट शिवले होते. डाव्या बाहीला मनगटापासून खांद्यापर्यंत बटणं. रक्त लावताना शर्ट काढायला लागू नये म्हणून. सांगलीतल्या नर्सनं ते बघून विचारलं होतं, हे कुठं मिळतं. आबा म्हणाले, “मिळत न्हाई. मैतर असावा लागतूय.”

एका शनिवारी मी साताऱ्याहून गेले, तर घराला कुलूप. आदल्या दिवशी लग्नाचं आमंत्रण घेऊन सात-आठ जण आले होते, आणि रात्री आबांना एकशे दोन ताप. नऊ दिवस ते सांगलीत होते. मी तिथं आजीशी भांडले. मी म्हणाले, तू लोकांना नाही म्हणत नाहीस, तुला लाज वाटते, आणि तुझी लाज त्यांच्या जिवावर उठलीय. ती डब्याची झाकणं पुसत होती. म्हणाली, “माणसाला माणूस बी लागतं, पोरी.” मी म्हणाले, “जंतूंना रीतभात कळत नाही.” हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यातल्या ओळखीच्या छापखान्यातून कागद छापून आणला. मोठा, काळी ठळक अक्षरं. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘आमच्या घरातील रुग्णाची प्रतिकारशक्ती अत्यंत कमी आहे. अशा वेळी भेटीला येणे हे प्रेम नव्हे, बेजबाबदारपणा आहे. कोणीही फाटकाच्या आत येऊ नये.’ आणि खाली, उजवीकडे: ‘घरातील सर्व’.

आबा झोपले होते, आजी मागं चुलीवर पाणी तापवत होती. मी मैद्याची खळ केली आणि गजांवर कागद चिकटवला, रस्त्याकडं तोंड करून. आजीला निघताना सांगितलं. ती फाटकापर्यंत आली, वाचलं, एक एक शब्द. काहीच बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

पुढं मी दोनदा गेले. घर शांत होतं. औषधं वेळेवर, ताप नाही. फाटकाला कडी. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका आमच्या घरासमोर आल्या की बोलायच्या थांबायच्या आणि पुढं गेल्या की परत बोलायला लागायच्या. हे मला ऐकू यायचं. चारच्या सुमाराला आबा खिडकीकडं तोंड करून पडलेले असायचे. एकदा त्यांनी विचारलं, “मास्तर दिसला न्हाई.” आजी म्हणाली, “मिरजंला लेकीकडं गेल्यात.” आबांनी परत विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी गेले तर स्वयंपाकघरात आजी माझ्याकडं पाठ करून म्हणाली, “मास्तर गेलं.”

“मिरजेला ना?”

“वारलं. आज तेवीस दिस झालं. मशीनवर बसल्या बसल्या.”

मग तिनं सगळं सांगितलं, भाकरी थापत, न थांबता. मास्तर कधी आत येतच नव्हते. आजार कळला त्याच आठवड्यात तिनं त्यांना सांगितलं होतं, मास्तर, आता खिडकीला या. ते बाहेर अंगणात उभे राहून बोलायचे, तोंडाला रुमाल बांधून, आणि चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर. जवळच्या प्रत्येकाला तिनं असंच काहीतरी सांगून ठेवलेलं होतं, कुणाला खिडकी, कुणाला ओसरी, कुणाला फोन. मी आत बसलेली बघितली ती माणसं लांबची, न सांगता आलेली. लग्नाचं आमंत्रण घेऊन आले ते पाहुणे परगावचे होते, ती दळण आणायला गेली असताना आत शिरले. पण खिडकी अंगणात, आणि अंगण फाटकाच्या आत. मास्तर कागद लावल्याच्या दुसऱ्या दिवशी चारला आले, वाचलं, आणि परत गेले.

“मी हाक मारली,” आजी म्हणाली. “तर म्हणलं, वयनी, तोंडानं सांगितलं आसतं तर चाललं आसतं. कागदावर लिवल्यावर मानूस काय बोलणार.” नंतर एक दिवस फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली मिळाली. आत बटणांच्या बाहीचा नवा शर्ट होता.

“मग तू कागद काढला का नाहीस?”

ती थांबली. हातावरची भाकरी तशीच राहिली.

“ताप आला न्हाई त्यानंतर,” ती म्हणाली. “मला बी ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.”

चाचांच्या घरी ती दहा मिनिटं जाऊन आली होती. आबांना गिरणीत जाते म्हणून सांगितलं. आल्यावर डोक्यावरून अंघोळ केली आणि मगच आत गेली, जंतूंसाठी. आबांना सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. “त्यास्नी सोसायचं न्हाई. तूबी बोलू नगंस.”

मला लहानपणापासून एकच शिकवण होती: रोग्यापासून, गरिबापासून, बाईपासून खरं लपवणं हा अन्यायच. मी आत गेले ते सांगायचंच असं ठरवून. सकाळचं ऊन होतं. फाटक पूर्वेला आहे, आणि आबांच्या कॉटवरून ते समोर दिसतं. पहिल्यांदाच मी तिथून बघितलं. उन्हात तो कागद मागून उजळला होता आणि काळी अक्षरं त्यातून आरपार दिसत होती, उलटी.

“वाचाय येतंय,” आबा म्हणाले. “उलटं हाय, पर रोज सकाळी वाचून वाचून येतंय.”



“मास्तर गेला न्हवं?” ते म्हणाले. “तुझी आज्जी गिरणीत गेली म्हणाली. गिरणीतनं आलेली बाई भर दुपारी डुईवरनं अंगूळ करती व्हय?”

मी म्हणाले, “मग तुम्ही तिला काही विचारलं का नाही?”

त्यांनी कागदाकडं बोट केलं. “खाली सर्व लिवलंय. म्हंजे तीबी आलीच की. दोन वरसं झाली पोरी, ती बसली न्हाई. चहा करून, माणसं संभाळून जीव कावला असंल तिचा. म्हणलं, तिला नको झाली असतील माणसं. तिनं कवा काय मागितलंय माझ्याकडं? हे तरी करू.”

मी जे सांगायला आले होते ते त्यांना सगळं ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्याजवळ होतं, आणि ते सांगायला मला पत्रक लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मी म्हणाले, “आजीला विचारलं नव्हतं. ते मी एकटीनं लिहिलंय.”

आजी दारात उभी होती, हातात थर्मामीटर. किती ऐकलं होतं कोण जाणे. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मास्तरच्या घरी जाऊन येऊ या.”

“आवं, तिथं माणसं असत्यात. न्हाई जमायचं.”

“मग फाटकापातूर तरी न्हे.”

तिनं नवा शर्ट काढला. बाहीची बटणं एक एक करून लावली. मग समोर वाकली, त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आणि अंगणातून दोघं निघाले. बारा-पंधरा पावलांचं अंतर, पण दोनदा थांबले. मी मागं होते. मला कुणी बोलावलं नाही, नकोही म्हटलं नाही. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी कागदाचा कोपरा नखानं उचकटायला घेतला. मी पुढं झाले तर आजीनं हातानं थांबवलं. खळ पक्की बसली होती. निम्मा कागद आला, निम्मा राहिला, आणि नखाच्या कडेनं रक्त यायला लागलं.

तुमच्या-माझ्या बोटाचं असं रक्त तोंडात धरलं की थांबतं. त्यांचं थांबेना. आजीनं कमरेला खोचलेला स्वच्छ रुमाल घेतला आणि बोट दाबून धरलं. दोन वर्षांनी तिनं त्यांना असं धरलेलं मी बघितलं. जोरात धरलं होतं. तिथंही दुसऱ्या दिवशी निळं होणार, हे तिला माहीत होतं.

रस्त्यानं एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता. आबांना बघून तो पलीकडच्या कडेला थांबला. पुढं आला नाही. हात जोडले. आबांनी मोकळा हात वर केला. मग तो पुढं निघाला.

उरलेला कागद नंतर मी पाणी लावून काढला. आबा आहेत. दर तीन आठवड्यांनी सांगली आहे, आता मधलं अंतर कमी होत चाललंय. ओळखीची माणसं परत खिडकीला यायला लागलीत, सगळी नाहीत. फाटक उघडं असतं, तरी काही जण बाहेरूनच हाक मारतात आणि ‘या’ म्हटल्यावरही आत येत नाहीत, त्या डागांकडं बघत उभे राहतात.

मी अजून पत्रकं लिहिते. शेवटी सही घालायची वेळ आली की पेन थांबतं.

चार वाजले की आजी सवयीनं खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा कप ठेवते. आबा तिकडं तोंड करून पडलेले असतात. चहावर साय धरेपर्यंत कप तिथंच असतो. मग ती कप उचलते आणि स्वतः पिते, थंडच.

“मास्तरला साखर जास्त लागायची,” गेल्या खेपेला आबा म्हणाले.

“घातलीया,” आजी म्हणाली.